क्लोरीन कमी करू नका, त्याचं खाद्य कमी करा : नळाच्या पाण्यातल्या उपपदार्थांसाठी सविस्तर मार्गदर्शक

मे महिन्यात धरण तळाला लागलं की नळाला उग्र वास येऊ लागतो आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडतात. एका बाजूला ‘क्लोरीनने कॅन्सर होतो’ असा फॉरवर्ड फिरतो, दुसऱ्या बाजूचे काका ‘वास येतोय म्हणजे पाणी शुद्ध आहे’ असं ठणकावून सांगतात. दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे, आणि दोघांच्याही सल्ल्याने पाणी सुधारणार नाही. क्लोरीन पाण्यातल्या जंतूंना मारतं, तसंच पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांशीही त्याची प्रक्रिया होते आणि त्यातून नवीन रसायनं, म्हणजेच उपपदार्थ, तयार होतात. ती कमी करायची तर क्लोरीनला हात न लावता आधी ती सेंद्रिय घाण हटवावी लागते. घरात, सोसायटीत आणि गावात हे कसं करायचं, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

हे उपपदार्थ येतात कुठून?

१९७४ साली रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातले रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी दाखवून दिलं की, नदीच्या कच्च्या पाण्यात नसलेला क्लोरोफॉर्म क्लोरीन टाकल्यानंतर पाण्यात तयार होतो. त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनाही हेच आढळलं. कुजलेली पानं, माती, शेवाळ यांतून पाण्यात ह्युमिक आम्लं उतरतात. पाण्याला चहासारखी फिकट पिवळी झाक येते, ती बहुतेक त्यांचीच. क्लोरीन त्यांना तोडतं आणि त्या तुकड्यांना चिकटतं. यातून चार ‘ट्रायहॅलोमिथेन’ (यापुढे टीएचएम) तयार होतात : क्लोरोफॉर्म, ब्रोमोडायक्लोरोमिथेन, डायब्रोमोक्लोरोमिथेन आणि ब्रोमोफॉर्म. दुसरा मोठा गट हॅलोअ‍ॅसिटिक आम्लांचा. याखेरीज आणखी शेकडो संयुगं सापडली आहेत, पण मोजमाप आणि नियम मुख्यतः याच दोन गटांभोवती फिरतात.

कोणत्या पाण्यात टीएचएम जास्त तयार होतील हे चार-पाच गोष्टींवरून ओळखता येतं. सेंद्रिय द्रव्य जास्त, क्लोरीनचा डोस जास्त, पाणी गरम आणि क्लोरीन टाकून बराच वेळ झालेला, म्हणजे टीएचएम जास्त. पाण्याचा पीएच चढा असेल तर टीएचएम वाढतात, उतरता असेल तर हॅलोअ‍ॅसिटिक आम्लांकडे कल जातो. म्हणूनच जलशुद्धीकरण केंद्राच्या दाराशी भरलेल्या नमुन्यापेक्षा वाहिनीच्या शेवटच्या टोकाला, उन्हात तापलेल्या टाकीतून आलेल्या पाण्यात टीएचएम सहसा जास्त सापडतात. उजनीसारख्या शेवाळाने हिरव्या पडणाऱ्या जलाशयाचं पाणी आणि खोल बोअरचं स्वच्छ पाणी यांना क्लोरीनचा सारखाच डोस दिला, तरी निकाल सारखा येत नाही.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर आणखी एक भानगड असते. समुद्राचं पाणी विहिरीत झिरपलं की त्यासोबत ब्रोमाइड येतं. क्लोरीन ब्रोमाइडला जागं करतं आणि मग ब्रोमीनयुक्त टीएचएमचा वाटा वाढतो. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत ब्रोमीनयुक्त उपपदार्थ त्यांच्या क्लोरीनवाल्या भावंडांपेक्षा साधारणपणे जास्त विषारी ठरतात. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ लागत असेल, तर ही शक्यता धरून चाला.

धोका नेमका किती?

१९७६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या प्रयोगांत मोठ्या मात्रेत क्लोरोफॉर्म दिलेल्या उंदरांना यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या गाठी झाल्या. त्यानंतर १९७९ मध्ये अमेरिकेने एकूण टीएचएमसाठी लिटरला १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आणि पुढे ती ८० वर आणली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्लोरोफॉर्म आणि ब्रोमोडायक्लोरोमिथेन ‘माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या २ब गटात टाकले आहेत. क्लोरीनयुक्त पिण्याचं पाणी मात्र त्याच संस्थेच्या ३ऱ्या गटात आहे, म्हणजे निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही. फॉरवर्डमध्ये ही दुसरी ओळ कधीच नसते.

माणसांवरच्या अभ्यासांत सर्वांत सातत्याने दिसलेला संबंध मूत्राशयाच्या कर्करोगाशी आहे, तोही दशकानुदशकं असं पाणी वापरल्यावरचा. युरोपातल्या २०२० च्या एका अंदाजानुसार तिथल्या मूत्राशयाच्या कर्करोगांपैकी सुमारे ५ टक्के टीएचएमशी जोडता येतील, अर्थात हा संबंध कार्यकारणाचा आहे असं गृहीत धरलं तर. गर्भपात आणि कमी वजनाची बाळं यांविषयीचे निष्कर्ष एका अभ्यासात दिसतात, दुसऱ्यात नाहीत. माझं मत विचाराल तर हा धोका खरा आहे, लहान आहे आणि सावकाश साठत जाणारा आहे.

जंतूंचा धोका इतका वेळ देत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडले, आकडा दोनशेच्या घरात गेला आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू आढळला. संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. त्या आठवड्यांत तिथल्या कुणी टीएचएमच्या भीतीने क्लोरीन बंद केलं असतं तर? जागतिक आरोग्य संघटना नेमकं हेच बजावते : उपपदार्थ कमी करण्याच्या नादात निर्जंतुकीकरणाशी तडजोड नको.

पायरी १ : क्लोरीन आहे का आणि किती, ते आधी मोजा

आयएस १०५००:२०१२ या भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात मुक्त अवशिष्ट क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर किमान ०.५.

बाजारात दोन प्रकारचे किट मिळतात. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक वापरतात ती ‘ओटी टेस्ट’, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब. त्यात रंग पिवळा येतो. दुसरं डीपीडीचं, गोळी किंवा पावडर घातली की गुलाबी होणारं. शक्य असेल तर डीपीडीच घ्या. ते नेमकं आहे, शिवाय ऑर्थोटोलिडिन हे स्वतःच घातक रसायन आहे. ओटी वापरत असाल तर थेंब टाकल्याटाकल्या रंग जुळवा. पाच मिनिटांनी गडद झालेला पिवळा पाहून ‘भरपूर क्लोरीन आहे’ असं म्हणणारे खूप भेटतात. त्या वाढीव रंगात अमोनियाशी बांधलं गेलेलं क्लोरीनही असतं आणि जंतू मारण्यात ते फार मंद असतं. तपासलेलं पाणी मोरीत ओता, परत भांड्यात नको.

नमुने दोन घ्या. पहिला महापालिकेच्या थेट लाइनच्या नळाचा, दुसरा गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या नळाचा. पहिल्यात ०.६ आणि दुसऱ्यात शून्य आलं, तर मधलं क्लोरीन तुमच्या टाक्यांनी खाल्लं. ते जिथे खपलं तिथेच उपपदार्थही तयार झाले असणार, आणि वर जंतूंना रान मोकळं.

पायरी २ : टाकी धुवा, पण क्रम चुकवू नका

तळाशी बोटभर गाळ आणि भिंतींना बुळबुळीत थर असलेल्या टाकीत नुसती पावडर टाकून मोकळं होणं ही सर्रास दिसणारी पद्धत. यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं.

आधी टाकी रिकामी करा, गाळ बाहेर काढा, भिंती ब्रशने घासा आणि धुतलेलं पाणी उपसून टाका. मगच निर्जंतुकीकरण. त्यासाठी लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन हे प्रमाण धरलं तर १,००० लिटरला ५० ग्रॅम क्लोरीन लागतं. तुमच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीत २५ टक्के क्लोरीन असेल तर २०० ग्रॅम पावडर. ती प्लास्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळीच टाकीत ओता. रात्रभर ठेवून सगळं पाणी सोडून द्या. हे पाणी कुणीही वापरणार नाही याची सूचना आदल्या दिवशीच लावा. पुन्हा भरलेल्या पाण्याचं क्लोरीन मोजून मगच वापर सुरू करा.

दर सहा महिन्यांनी एकदा एवढं पुरेसं असतं. टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांनी तीन महिन्यांनी करावं. टाकीचं झाकण घट्ट हवं आणि उजेड आत जाता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. भूमिगत टाकीत माणूस उतरवण्यापूर्वी झाकण बराच वेळ उघडं ठेवा, पंख्याने हवा खेळवा आणि वर एक माणूस उभा ठेवा.

पायरी ३ : डोस मुठीने नाही, बादलीने ठरवा

पालिकेचं पाणी ०.२ च्या वर क्लोरीन घेऊन येत असेल तर सोसायटीने वेगळं काही टाकायची गरज नाही. बोअर, विहीर किंवा टँकरच्या पाण्याला मात्र डोस लागतो. तो किती, याचा एकच ठरावीक आकडा नाही. प्रत्येक पाण्याची भूक वेगळी. ती मोजायला अर्धा-पाऊण तास लागतो.

२५ टक्के क्लोरीनची ४० ग्रॅम पावडर १ लिटर पाण्यात कालवा आणि निवळू द्या. हे झालं १ टक्क्याचं द्रावण. आता त्याच टँकरच्या पाण्याच्या २० लिटरच्या चार बादल्या भरा. पहिलीत १, दुसरीत २, तिसरीत ३ आणि चौथीत ४ मिलिलिटर निवळी घाला. मेडिकलमधली सुई नसलेली सिरिंज या कामाला उत्तम. ढवळा, अर्धा तास थांबा आणि प्रत्येक बादलीतलं क्लोरीन मोजा. जिथे ०.५ च्या आसपास उरलं असेल ती तुमची बादली. समजा ती तिसरी निघाली, तर डोस लिटरला १.५ मिलिग्रॅम. १०,००० लिटरच्या टाकीला १५ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे हेच द्रावण दीड लिटर.

चौथ्या बादलीतही काहीच उरलं नाही, तर डोस वाढवत नेऊ नका. पाण्यात सेंद्रिय घाण किंवा सांडपाण्यातला अमोनिया आहे असा त्याचा अर्थ. जास्त क्लोरीन घालून अशा पाण्यातून उपपदार्थांचा काढाच तयार होईल. टँकर परत पाठवा. ते शक्य नसेल आणि पाणी गढूळ असेल, तर आधी तुरटी. तुरटीचा खडा फिरवून काही तास स्थिर ठेवलेल्या पाण्यात गाळ खाली बसतो आणि त्यासोबत ह्युमिक द्रव्यांचा काही भागही. वरचं पाणी हळूच वेगळं काढून मग त्याला क्लोरीन. आपल्याकडे बायका पिढ्यान्‌पिढ्या आधी तुरटी फिरवत आल्या आहेत आणि जलशुद्धीकरण केंद्रंही मूलतः तेच करतात. सांडपाण्याचा संशय असेल तर तुरटी त्यावर उपाय नाही. ते पाणी पिण्यातून बादच करावं.

टीसीएल ताजी असताना तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. उघड्या पोत्यात, ओल्या खोलीत ते झपाट्याने उडून जातं. २० टक्क्यांखालची पावडर ग्रामपंचायतीच्या तपासणीत नापास ठरते, आणि लाल, पिवळं, हिरवं कार्ड देणाऱ्या सर्वेक्षणात पावडरीचा साठा पाहिला जातो तो काही उगाच नाही. पातळ सोडियम हायपोक्लोराइट वापरणाऱ्यांनी आणखी जपावं. पंपरूमच्या पत्र्याखाली तापलेल्या कॅनमध्ये त्याचं क्लोरेट होत जातं. क्लोरेट थायरॉइड आणि लाल रक्तपेशींना त्रासदायक असतं. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी लिटरला ०.७ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. ‘स्वस्त पडतं’ म्हणून वर्षभराचे कॅन एकदम भरून ठेवू नका. महिनाभर पुरेल इतकंच आणा, सावलीत ठेवा, आधी आलेलं आधी संपवा. टॉयलेट क्लीनरचं अ‍ॅसिड आणि हे कॅन एका फडताळात ठेवू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

पायरी ४ : पिण्याच्या पाण्यापुरतं घरात काय?

उकळणं. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो, त्यामुळे झाकण न ठेवता पाणी पाचेक मिनिटं खळखळ उकळलं की टीएचएमचा मोठा भाग उडून जातो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा. हॅलोअ‍ॅसिटिक आम्लांपैकी बरीचशी मात्र उडत नाहीत, आणि पाणी आटलं की उलट जराशी दाट होतात. क्लोरीनही निघून गेलेलं असल्याने या पाण्याला आता कुणी राखणदार उरलेला नाही. झाकून ठेवा, हात न बुडवता ओगराळ्याने काढा आणि त्याच दिवशी संपवा.

कार्बन फिल्टर. सक्रिय कार्बन टीएचएम शोषून घेतो, हॅलोअ‍ॅसिटिक आम्लंही बऱ्यापैकी. इथे एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत : कार्बनची क्लोरीनचा वास मारण्याची ताकद खूप दिवस टिकते, टीएचएम शोषण्याची त्याच्या कितीतरी आधी संपते. म्हणजे ‘वास येत नाही, अजून चालतंय’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. कार्ट्रिजवर लिहिलेले लिटर मोजून ते बदला. बसवलेली तारीख मार्करने तिथेच लिहून ठेवा.

आरओ. यातली पारपटल (मेम्ब्रेन) हॅलोअ‍ॅसिटिक आम्लं चांगली अडवते, क्लोरोफॉर्मसारखे लहान, भाररहित रेणू मात्र तिच्यातून बऱ्याच अंशी निसटतात. ते काम यंत्रातल्या कार्बनचंच असतं. पालिकेच्या पाण्याचं टीडीएस (विरघळलेले क्षार) आधीच कमी असेल तर निव्वळ टीएचएमसाठी आरओ घेणं म्हणजे पैसे आणि पाणी दोन्ही वाया. चांगला कार्बन पुरतो. निव्वळ यूव्ही जंतूंसाठी आहे, घरगुती यूव्हीने हे उपपदार्थ जात नाहीत.

दारावर येणाऱ्या डेमोवाल्यांकडूनही सावध राहा. पेनासारखा टीडीएस मीटर क्षार मोजतो, टीएचएम नाही. दोन ग्लासांत धातूच्या कांड्या बुडवून करंट दिला की नळाचं पाणी तपकिरी होतं, तो कांडीतल्या लोखंडाचा गंज असतो. आणि नळाच्या पाण्यात थेंब टाकून ‘बघा ताई, पिवळं झालं, विष!’ म्हणणारा माणूस प्रत्यक्षात तुम्हाला ओटी टेस्ट फुकटात करून देत असतो. पिवळं झालं तर पालिकेने काम चोख केलंय.

बाटलीबंद पाणी म्हणजे यातून सुटका, असंही नाही. ओझोन दिलेल्या पाण्यात ब्रोमाइड असेल तर ब्रोमेट तयार होतं. मार्च २००४ मध्ये कोका-कोलाने ब्रिटनमध्ये दासानीच्या सुमारे ५ लाख बाटल्या याच कारणाने बाजारातून परत घेतल्या होत्या.

पायरी ५ : आंघोळ

टीएचएम पोटातून जातात तसेच श्वासातून आणि त्वचेतूनही जातात. बंद बाथरूममध्ये लांबलेला कढत शॉवर घेतला तर श्वासातून जाणारा भाग प्यायलेल्या पाण्याशी स्पर्धा करू शकतो. उपाय अगदी साधा : एक्झॉस्ट चालू, खिडकी किलकिली, पाणी कोमट, वेळ कमी. बादलीने आंघोळ करणाऱ्यांच्या बाबतीत तुषारही कमी उडतात. तरणतलावाच्या बंदिस्त हॉलमध्ये नाक झोंबवणारा तो ‘क्लोरीनचा वास’ बराचसा क्लोरामाइनचा असतो, घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनपासून बनलेल्या. पोहण्याआधी साबणाने अंग धुण्याचा नियम त्यासाठीच आहे.

पायरी ६ : टीएचएमची तपासणी करायची तर

प्रत्येक घराने करावी अशी ही तपासणी नाही. मोठी सोसायटी, शाळा, किनाऱ्यावरचं गाव किंवा शेवाळलेल्या जलाशयावरची योजना असेल तर एकदा करून घ्या. टीएचएमसाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का, हे प्रयोगशाळेला स्पष्ट विचारा. पाणी तपासणीची सरसकट मान्यता पुरेशी नाही.

नमुना कसा घेतात यावरून प्रयोगशाळेची पारख होते. त्यांनी स्वतःची लहान काचेची कुपी द्यायला हवी, आत क्लोरीन थांबवणारं रसायन आधीच घातलेलं. कुपी काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी करायची, आत हवेचा एकही बुडबुडा दिसता कामा नये, नाहीतर टीएचएम त्या हवेत निघून जातात. मग बर्फाच्या डब्यातून पाठवायची. ‘मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत आणा, चालेल’ असं उत्तर आलं तर दुसरी प्रयोगशाळा शोधा. नमुना एप्रिल-मेमध्ये किंवा पावसाच्या पहिल्या लोंढ्यानंतर, सर्वांत लांबच्या नळाचा घ्या. वर्षातला सर्वांत वाईट आकडा तोच असण्याची शक्यता जास्त.

आता अहवाल वाचायचा. भारतीय मानकाच्या मर्यादा लिटरला अशा : क्लोरोफॉर्म २०० मायक्रोग्रॅम, ब्रोमोडायक्लोरोमिथेन ६०, डायब्रोमोक्लोरोमिथेन १०० आणि ब्रोमोफॉर्म १००. समजा तुमचे आकडे अनुक्रमे ८०, २०, ८ आणि ० आले. चारही मर्यादेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत प्रत्येक आकड्याला त्याच्या मर्यादेने भागून बेरीज १ च्या आत हवी. तिथे क्लोरोफॉर्मची मर्यादा ३०० आहे आणि बाकीच्या आपल्यासारख्याच. बेरीज येते ०.६८ च्या आसपास, म्हणजे इथेही पास. पण एकूण बेरीज १०८. युरोपची मर्यादा १०० आणि अमेरिकेची ८०, तिथे हे पाणी नापास. असा अहवाल हातात आला की घाबरून काही नवीन घेण्याआधी पायरी १ ते ३ पूर्ण करा आणि तोच नळ पुन्हा तपासा. हॅलोअ‍ॅसिटिक आम्लांसाठी आपल्या मानकात मर्यादा नाही. तपासलीच तर अमेरिकेची पाच आम्लांच्या बेरजेची ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा तुलनेला घ्या.

परदेशातल्यांसाठी थोडं वेगळं

अमेरिकेत बऱ्याच शहरांच्या वाहिन्यांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन, म्हणजे अमोनियाशी बांधलेलं क्लोरीन, असतं. त्याने टीएचएम कमी होतात, पण एनडीएमए नावाचा वेगळा उपपदार्थ तयार होऊ शकतो, आणि वॉशिंग्टनमध्ये २००० साली हा बदल केल्यावर जुन्या वाहिन्यांमधलं शिसं पाण्यात उतरलं होतं. क्लोरामाइन पाणी रात्रभर उघडं ठेवून जात नाही. घरी माशांची टाकी असेल तर हे पक्कं लक्षात ठेवा, आणि घरातल्या कुणाचं डायलिसिस घरीच होत असेल तर केंद्राने सांगितलेला कार्बनचा टप्पा कधीही वगळू नका. तिथला पाणीपुरवठादार दरवर्षी १ जुलैपर्यंत ग्राहकांना गुणवत्तेचा अहवाल देतो. त्यात एकूण टीएचएमची सरासरी आणि वर्षातला सर्वांत मोठा आकडा, दोन्ही दिलेले असतात. सरासरी पाहून पान उलटू नका, दुसरा आकडाही बघा.